‘ताणाने औषध जळते’ : एका लोकप्रिय विधानाची तपासणी

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम जोरात चालू होते. आमचे एक सहकारी गेली अनेक वर्षे लिथियमच्या गोळ्या घेतात. तरुणपणी त्यांना उन्माद आणि नैराश्य यांचे आलटून पालटून झटके येत. लिथियम सुरू झाल्यापासून ते उत्तम शिकवतात आणि शाळेत ही गोष्ट आम्हा दोघा-तिघांनाच ठाऊक आहे. नाव न घालण्याच्या अटीवर त्यांनी हे लिहिण्याची परवानगी दिली आहे.

त्या दिवसांत त्यांची झोप कमी झाली होती, चिडचिड वाढली होती. एका आरोग्यविषयक पुरवणीतील लेखाचे कात्रण त्यांनी जपून ठेवले होते. लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : ताण वाढला की शरीराचा चयापचय वाढतो, चयापचय वाढला की औषध लवकर जळून जाते, म्हणून ताणाच्या दिवसांत मानसिक आजारावरचे औषध कमी वेळ पुरते. सरांनी यातून स्वतःपुरता निष्कर्ष काढला आणि दुपारची एक गोळी वाढवली. चार-पाच दिवसांत त्यांचे हात थरथरू लागले, जुलाब सुरू झाले, बोलताना जीभ अडखळू लागली. हातात खडू धरवेना, तेव्हा भावाने त्यांना डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले तर लिथियमची पातळी सुरक्षित मर्यादेच्या बरीच वर गेली होती. गोळ्या थांबवून सलाइन लावावे लागले. सर बरे झाले, पण प्रसंग जिवावरचा होता.

ते घरी परतल्यावर मी त्यांना थोडे रागावूनच विचारले. ते म्हणाले, “अहो, विज्ञानाच्या आधारानेच तर केले. ताणात गोळी पुरत नाही, हे छापून आले आहे.” विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे उत्तर झोंबले. म्हणून त्या लेखातील युक्तिवाद येथे तपासून पाहायचा आहे. एका लेखकाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. हेच विधान थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी छापले जाते, आणि शिक्षकांच्या खोलीत, रेल्वेच्या डब्यात, लग्नाच्या मांडवात विज्ञान म्हणून सांगितले जाते.

एक शब्द, दोन अर्थ

युक्तिवादाची पहिली चूक ‘चयापचय’ या शब्दात आहे. वर्गात आपण चयापचय शिकवतो तेव्हा अन्नापासून ऊर्जा मिळवण्याची आणि ती खर्च करण्याची क्रिया मनात असते. धावलो की हा चयापचय वाढतो. ताप आला की वाढतो. शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने चढले तर ऊर्जेचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. भीती वाटली, छाती धडधडली, तरी तो काही काळ वाढतो. येथपर्यंत लेख बरोबर आहे.

पण औषधाचा चयापचय ही वेगळी गोष्ट आहे. औषध हे इंधन नाही. यकृतातील काही विशिष्ट विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, औषधाच्या रेणूत बदल घडवतात आणि तो पाण्यात विरघळण्याजोगा करतात. मग मूत्रपिंडे त्याला बाहेर टाकतात. या कामातील विकरांचे एक मोठे कुटुंब ‘सायटोक्रोम पी-४५०’ या नावाने ओळखले जाते. कुटुंबातील प्रत्येक विकराची कामे ठरलेली असतात आणि प्रत्येकाचा वेग वेगवेगळ्या कारणांनी बदलतो. आपण जिना चढलो म्हणून ही विकरे घाईने काम करू लागत नाहीत. साखर जळण्याचा वेग वाढला म्हणजे गोळी नाहीशी होण्याचाही वेग वाढला, असे मानणे हा शब्दाने केलेला घात आहे.

याचा उत्तम पुरावा तापाच्याच उदाहरणात सापडतो. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध मुख्यतः ‘१ए२’ या विकराकडून मोडले जाते. न्यूमोनियासारखा जंतुसंसर्ग झाला की शरीरात दाह निर्माण करणारी रसायने वाढतात आणि ती या विकराची निर्मिती दडपतात. परिणामी ऊर्जेचा चयापचय वाढलेला असताना क्लोझापिनचा चयापचय मंदावतो. त्याची रक्तातील पातळी दुपटीहून अधिक चढल्याच्या नोंदी आहेत. लेखातील तर्कानुसार तापात औषध लवकर संपायला हवे होते. प्रत्यक्षात ते साठत जाते.

लिथियमच्या बाबतीत तर ‘जळणे’ हा शब्दच लागू पडत नाही. लिथियम हे मूलद्रव्य आहे, सोडियमच्या गटातले. यकृत त्याचे काहीही करू शकत नाही. ते जसे पोटात जाते तसेच, आयनाच्या रूपात, मूत्रावाटे बाहेर पडते. त्याचा निचरा मूत्रपिंडांवर आणि मूत्रपिंडांचा निर्णय बऱ्याच अंशी शरीरातील मीठ-पाण्यावर अवलंबून असतो. शरीरात सोडियम व पाणी कमी पडले की मूत्रपिंडे सोडियम परत शोषून घेतात, आणि त्याच्या बरोबर लिथियमही परत येते.

याची किंमत जगाने एकदा मोजली आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावरील लिथियमच्या उपयोगाची पहिली नोंद प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेत लिथियम क्लोराइड हे मिठाला पर्याय म्हणून विकले जात होते. हृदयविकारामुळे ज्यांना मीठ वर्ज्य होते, तेच लोक ते जेवणावर भुरभुरून घेत. शरीरात सोडियम कमी, म्हणून लिथियम बाहेर पडेना. काही माणसे दगावली आणि त्या विक्रीवर बंदी आली.

आता आमच्या सरांचे दिवस आठवून पाहा. एप्रिलचे ऊन, घाम, दुपारचे जेवण चुकलेले, पाणी पिण्याची शुद्ध नाही, आणि डोके दुखते म्हणून रोज आयब्युप्रोफेनची गोळी. घाम आणि उपास यांमुळे लिथियम साठते. आयब्युप्रोफेनच्या जातीची वेदनाशामके मूत्रपिंडांतून होणारा त्याचा निचरा आणखी कमी करतात. म्हणजे सरांच्या शरीरात औषध नेहमीपेक्षा जास्त टिकत होते. त्यात लेख वाचून त्यांनी मात्रा वाढवली.

चिंचोक्यांचा प्रयोग

औषध शरीरात किती काळ राहते, हे ‘अर्धायुकाल’ या संज्ञेने मोजतात. रक्तातील पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुकाल. मुलांची या शब्दाशी ओळख होते ती बहुधा किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या धड्यात. औषधासाठी तो कसा वापरतात, हे चिंचोक्यांनी सहज दाखवता येते.

एका ताटलीत ३२ चिंचोके ठेवा. ही पहिली गोळी. एक अर्धायुकाल गेला, निम्मे काढा, १६ उरले. पुन्हा ३२ घाला, ४८ झाले. निम्मे काढा, २४. पुन्हा ३२ घाला, निम्मे काढा. असे करत गेल्यास गोळी घेतल्यानंतरचा ढीग ३२, ४८, ५६, ६०, ६२ असा वाढतो आणि ६४ च्या जवळ जाऊन थबकतो. गोळ्या तेवढ्याच चालू आहेत, पण जितके येते तितकेच जाते. औषधशास्त्रात हिला स्थिर पातळी म्हणतात आणि ती गाठायला साधारण पाच अर्धायुकाल लागतात. लिथियमचा अर्धायुकाल सुमारे एक दिवस असतो. म्हणून मात्रा बदलल्यावर खरे चित्र दिसायला पाचेक दिवस जावे लागतात. सरांनाही त्रास सुरू व्हायला तेवढेच दिवस लागले.

आता प्रयोगात एक बदल करा. घालायचे ३२ च, पण प्रत्येक वेळी निम्मे न काढता पाव भागच काढा. ढीग वाढत वाढत १२८ पर्यंत जाईल. गोळी तीच, वेळ तीच. निचरा निम्म्यावर आला तर साठा दुप्पट. मानसिक आजारावरील औषधांच्या बाबतीत माणसामाणसांत दिसणारा मोठा फरक या एका प्रयोगातून मुलांना कळतो.

मात्र एक फरक मुलांना आवर्जून सांगावा. युरेनियमचा अर्धायुकाल ही युरेनियमची स्वतःची गोष्ट आहे. ते खाणीत असो की प्रयोगशाळेत, त्यात बदल होत नाही. औषधाचा अर्धायुकाल औषध आणि माणूस या दोघांचा मिळून असतो. डायझेपामचा अर्धायुकाल विशीतल्या तरुणात सुमारे २० तास आढळतो, तर ऐंशीच्या घरातील माणसात तो ९० तासांच्या आसपास जातो. गोळीच्या वेष्टनावर मात्र वयाची ही ओळ नसते.

वेग कशाने बदलतो?

ताण हेच औषध लवकर संपण्याचे कारण असे लेखाने सांगितले. वेग खरोखर बदलणारी आणि नीट अभ्यासली गेलेली कारणे मात्र त्यात आलीच नाहीत. मला हा त्या लेखाचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

पहिले कारण आनुवंशिकता. लंडनमधील संशोधक रॉबर्ट स्मिथ यांनी १९७० च्या दशकात रक्तदाबावरचे डेब्रिसोक्विन हे औषध सहकाऱ्यांबरोबर स्वतः घेऊन पाहिले. इतरांना विशेष काही झाले नाही. स्मिथ मात्र रक्तदाब एकदम उतरल्याने कोसळले. त्यांच्या शरीरात हे औषध मोडणारे विकर जवळजवळ निकामी होते. १९७७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. युरोपीय वंशाच्या दर शंभरांत पाच ते दहा माणसांत हे विकर काम करत नाही, असे पुढे दिसून आले. नॉरट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची औषधे आणि रिस्पेरिडोन यांनाही हेच विकर मोडते. म्हणजे एकाला पुरेशी असलेली गोळी दुसऱ्याला जड होते, आणि यात मनाच्या कमकुवतपणाचा काहीही संबंध नसतो.

दुसरे कारण धूर. सिगारेट-विडीच्या धुरातील काही हायड्रोकार्बने क्लोझापिन मोडणाऱ्या ‘१ए२’ विकराची निर्मिती वाढवतात. विडी ओढणाऱ्याला म्हणून क्लोझापिन अधिक लागते. त्याने विडी सोडली की आठवड्याभरात विकर पूर्वपदावर येते आणि तेवढ्याच गोळ्यांवर रक्तातील पातळी दीडपट किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. ही करामत धुराची आहे, निकोटिनची नव्हे. त्यामुळे निकोटिनचे च्युइंग गम चघळून ती टळत नाही. विडी सोडणे उत्तमच. पण अशा रुग्णाने ती डॉक्टरांना सांगून सोडावी, हे आरोग्यावर लिहिणाऱ्या किती जणांनी सांगितले आहे?

तिसरे कारण इतर औषधे. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन यकृतातील अनेक विकरांची निर्मिती वाढवते आणि मानसिक आजारावरील कित्येक औषधे त्यामुळे वेगाने नाहीशी होतात. आपल्याकडे क्षयाचे रुग्ण किती आहेत हे लक्षात घेता ही गोष्ट किरकोळ नाही. कार्बामाझेपिन तर स्वतःचाच निचरा वाढवते. सुरुवातीला त्याचा अर्धायुकाल २५ ते ६५ तास असतो. तीन ते पाच आठवड्यांत तो १२ ते १७ तासांवर येतो. येथे ‘औषध पूर्वीइतके पुरत नाही’ ही रुग्णाची तक्रार शब्दशः खरी असते आणि डॉक्टर मात्रा ठरवताना ती गृहीत धरतात.

चौथे कारण जेवण. ल्युरासिडोन हे औषध जेवणाबरोबर घ्यायचे असते. रिकाम्या पोटी घेतल्यास ते सुमारे निम्मेच शोषले जाते. गोळी वेळेवर घेतली पण रात्री जेवलेच नाही, तर अर्धी गोळी वाया गेली.

राहणे आणि काम करणे

लेखातील दुसरी मोठी गफलत अशी की औषध रक्तात असणे आणि औषधाने काम करणे या दोन गोष्टी त्यात एकच मानल्या आहेत. गाडीच्या टाकीत पेट्रोल आहे तोवर गाडी चालणार, संपले की थांबणार, असे ते चित्र आहे. काही औषधांना हे चित्र बऱ्यापैकी लागू पडते. अवधान टिकत नाही अशा मुलांना दिल्या जाणाऱ्या मिथिलफेनिडेटच्या साध्या गोळीचा अर्धायुकाल दोन-तीन तास आणि परिणाम साधारण चार तास असतो. सकाळी सातला गोळी घेतलेले मूल मधल्या सुट्टीनंतर पुन्हा चुळबुळ करू लागले, तर त्याला ‘मुद्दाम करतोस’ म्हणण्याआधी शिक्षकाने घड्याळ पाहावे.

पण बहुतेक औषधांची गोष्ट इतकी सरळ नाही. डायझेपामची एकच गोळी घेतली तर गुंगी काही तासांत ओसरते, पण औषध शरीरात कित्येक दिवस राहते. ते मेंदूतून निघून चरबीत जाऊन बसते, म्हणून परिणाम लवकर सरतो. उलट, नैराश्यावरची फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे चेतापेशींवरील आपल्या लक्ष्याला काही तासांतच चिकटतात. मनःस्थितीत स्पष्ट फरक पडायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात चेतापेशींत जे सावकाश बदल होतात, त्यांवर खरा परिणाम अवलंबून असतो. फ्लुऑक्सेटिन आणि त्याच्यापासून शरीरात तयार होणारे क्रियाशील द्रव्य यांचा अर्धायुकाल दिवसांत मोजतात. अशा औषधाच्या बाबतीत ‘आज फार ताण होता, म्हणून संध्याकाळपर्यंत गोळी उतरली’ हे स्पष्टीकरण हिशेबातच बसत नाही.

शिवाय मेंदूतील ग्राहींचा हिशेब रक्तातील पातळीच्या सरळ प्रमाणात चालत नाही. स्किझोफ्रेनियावरील बहुतेक औषधांचा उपयोग डोपामिनचे सुमारे ६५ ते ८० टक्के ग्राही व्यापले गेले की दिसतो. ग्राही एकदा बरेचसे व्यापले गेले की रक्तातील पातळी थोडी खाली आली तरी व्यापलेल्या ग्राहींत फारसा फरक पडत नाही. वर्गातील बाके जवळजवळ भरली असतील, तर व्हरांड्यात ताटकळणारी मुले कमी झाल्याने आत लगेच जागा रिकामी होत नाही, तसेच हे.

मग ताणाचा संबंधच नाही का?

आहे, आणि फार मोठा आहे. लेखाने तो चुकीच्या जागी शोधला.

१९७६ मध्ये इंग्लंडमध्ये क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्किझोफ्रेनियाचे रुग्ण रुग्णालयातून घरी गेल्यावर नऊ महिन्यांत कितीजणांचा आजार उलटतो, हे त्यांनी पाहिले. त्यात त्यांनी आधीच्या एका अभ्यासातील रुग्णही मिळवले. एकूण रुग्ण १२८. घरातील माणसे रुग्णावर सतत टीका करतात का, त्याचा रागराग करतात का, की जरुरीपेक्षा जास्त त्याच्या भोवती भोवती करतात, हे मुलाखतींतून ठरवले गेले. ज्या घरांत असे वातावरण होते आणि रुग्णाचा घरच्यांशी आठवड्याला ३५ तासांहून अधिक समोरासमोर संबंध येत होता, तेथे औषध न घेणाऱ्यांपैकी ९२ टक्के रुग्णांचा आजार उलटला. तशाच घरांत राहून औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ५३ टक्के होते. शांत घरांत राहून औषध घेणाऱ्यांत ते १२ टक्के होते.

हे आकडे नीट वाचले पाहिजेत. गट लहान होते. औषध कोणी घ्यायचे हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, म्हणून औषध नियमित घेणारे लोक मुळातच थोडे वेगळे असण्याची शक्यता राहते. तरी मुख्य गोष्ट स्पष्ट आहे. ताणाच्या घरातही औषधाने काम केले. ९२ आणि ५३ यांतील अंतर त्याची साक्ष देते. पण ५३ आणि १२ यांतील अंतर औषधाने भरून निघाले नाही. पुढे चंदीगडमध्ये नरेंद्र विग, लेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच अभ्यास केला व तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील कुटुंबांत टीका करणाऱ्या नातेवाइकांचे प्रमाण लंडनपेक्षा कमी आढळले. म्हणून आपण फुशारून जाण्याचे कारण नाही. घरचे वातावरण हाही उपचाराचा भाग आहे, एवढे त्यातून घ्यायचे.

यावरून ताण प्रामुख्याने आजाराला जोर देतो, असे म्हणता येते. औषधाची पातळी तीच राहूनही ते अपुरे पडू शकते, कारण समोरचा भार वाढलेला असतो. धरणाची भिंत तेवढीच, पण पूर मोठा आला. पाणी भिंतीवरून वाहिले म्हणजे भिंत झिजली, असा अर्थ होत नाही. रुग्णाचा ‘ताणात गोळी पुरत नाही’ हा अनुभव खरा आहे. त्याला दिलेले कारण खोटे आहे. आणि कारण चुकले की उपायही चुकतो. भिंत झिजली असे वाटणारा माणूस आणखी गोळ्या रचू लागतो; पूर आला हे ओळखणारा पाण्याला वाट काढून देतो, म्हणजे झोप, कामाचा बोजा, घरची भांडणे यांकडे पाहतो आणि डॉक्टरांना लवकर भेटतो.

ताणाचा दुसरा मार्ग आपल्या सवयींतून जातो. ताणात गोळी विसरते, जेवण चुकते, चहा आणि विडी वाढते, झोप उडते, डोकेदुखीच्या गोळ्या वाढतात. यांतील प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या औषधाची पातळी वर किंवा खाली नेते. दिशा एकच नसते, हे महत्त्वाचे. कॉफीने लिथियमचा निचरा वाढतो, तर क्लोझापिनचा मंदावू शकतो. म्हणून ‘ताणात औषध कमी पडते’ असा सरसकट नियम करता येत नाही.

लेखाच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगायला हव्यात. तीव्र उन्मादाच्या अवस्थेत काही रुग्णांना लिथियमची मोठी मात्रा लागते व सोसते. उन्माद ओसरला की तीच मात्रा जास्त होऊ लागते. म्हणजे मनाची अवस्था आणि औषधाची गरज यांचा संबंध आहेच. ताणाच्या काळात वाढणारे कॉर्टिसॉलसारखे संप्रेरक यकृतातील काही विकरांवर परिणाम करते, हे प्राण्यांत आणि प्रयोगशाळेतील पेशींवर दिसले आहे. पण तेवढ्यावरून परीक्षेच्या किंवा बदलीच्या ताणाने माणसाच्या रक्तातील औषध भराभर संपते, असे म्हणता येत नाही.

चांगले लेखन कसे असते?

याच विषयावर सामान्य वाचकाला समजेल असे आणि तरीही खरे लिहिता येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांनी ‘अॅन अनक्वाएट माइंड’ या १९९५ च्या पुस्तकात स्वतःच्या उन्माद-नैराश्याची हकीकत सांगितली आहे. लिथियम घ्यायला त्यांनी केलेली टाळाटाळ, ते सोडल्यावर ओढवलेली संकटे, मोठ्या मात्रेमुळे कित्येक वर्षे धड वाचता न येणे, आणि मात्रा कमी केल्यावर वाचनाचा आनंद परत मिळणे, हे सर्व त्यात येते. लिथियमशिवाय आपण जगलो नसतो असे त्या सांगतात आणि समुपदेशन व माणसांची माया यांनाही त्याचे श्रेय देतात. पुस्तकात रसायनशास्त्र बेताचेच आहे. पण गोळी ही टाकीतले पेट्रोल नाही, हे ते वाचणाऱ्याच्या मनावर ठसते.

आमच्या पुरवणीतील लेख सोपा होता, पण खरा नव्हता. सोपे करण्यासाठी त्याने एक उपमा घेतली आणि उपमेलाच यंत्रणा मानले. शिक्षक म्हणून आपणही हे करतो. हृदय म्हणजे पंप, मेंदू म्हणजे संगणक, असे सांगतो आणि उपमा कोठे संपते ते सांगायचे विसरतो. बहुतेक वेळा त्याने कोणाचे नुकसान होत नाही. औषधाच्या बाबतीत मात्र वाचक उपमेप्रमाणे वागतो.

आरोग्यावरचा कोणताही लेख वाचताना वरच्या वर्गातील मुलांना चार प्रश्न विचारायची सवय लावता येईल. लेख कोणत्या औषधाबद्दल बोलतो, की सगळ्या औषधांना एकच नियम लावतो? ते औषध यकृतात मोडते की मूत्रपिंडांतून तसेच जाते? पातळी प्रत्यक्ष मोजली आहे, की परिणामावरून अंदाज केला आहे? आणि उलट दिशेचे उदाहरण लेखकाने शोधले आहे का? सरांचा लेख पहिल्याच प्रश्नाला अडला असता.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. हे वाचून कोणीही आपल्या गोळ्यांची मात्रा वाढवू, कमी करू किंवा थांबवू नये. औषध पुरत नाही असे वाटले तर ते डॉक्टरांना सांगावे, आणि सांगताना झोप, जेवण, पाणी, विडी, जुलाब-उलट्या आणि घेतलेली इतर औषधे यांचीही माहिती द्यावी. लिथियमची पातळी एका रक्ततपासणीत कळते.

सर आता पुन्हा वर्गावर येतात. पूर्वीचीच मात्रा चालू आहे. या वर्षी उत्तरपत्रिका तपासायला बसताना त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा होता. नवव्या इयत्तेला त्यांनी चिंचोक्यांचा प्रयोगही करून दाखवला. ढीग ६२ वर आल्यावर एका मुलीने विचारले, “सर, पुढच्या फेरीला अर्धा चिंचोका कसा काढायचा?” सरांनी तो चिंचोका अडकित्त्याने फोडून दिला.